माथा ते पायथा, आणि मधली बाई

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे एक छोटे गाव आहे. चोर दरवाज्याने गड चढणारे ट्रेकर इथे गाडी लावतात, पिठलं-भाकरीची ऑर्डर देतात आणि वर जातात. गुंजवणी नदीच्या नावावरून या मुलखाला पूर्वी गुंजण मावळ म्हणत. बारा मावळांपैकी हे एक, देशमुखी सिलीमकरांची. भोर संस्थानाच्या काळात इथे राजगड नावाचा तालुका होता. पुढे तालुक्याचे नाव वेल्हे झाले आणि २०२४ मध्ये ते बदलून पुन्हा राजगड करण्याचा निर्णय सरकारने घेतला. मुलखाच्या नावांचा इतिहास असा सहज सापडतो. त्याच मुलखातल्या बायकांनी वाहिलेल्या पाण्याचा इतिहास मात्र शोधावा लागतो. आज मला त्याबद्दल लिहायचे आहे.

वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी-मार्च उलटला की डोंगरकुशीतल्या अनेक वस्त्यांचे झरे आटू लागतात आणि बायकांच्या खेपा लांबतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट आहे, उतार तीव्र आहेत आणि मातीचा थर पातळ. चार महिन्यांचे पाणी काही तासांत ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाली निघून जाते. गुंजवणी नीरेला मिळते, नीरा भीमेला. पाणी जिथे पडते तिथे ते थांबत नाही.

जिथे ते थांबवले गेले, तिथे ते दुसऱ्यांसाठी थांबवले गेले. भोर तालुक्यातले भाटघरचे लॉईड धरण इंग्रजांनी १९२० च्या दशकात पूर्ण केले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, फलटणकडे गेले आणि तिकडे उसाचे मळे उभे राहिले. वेल्ह्यातल्या पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणी पुण्याला जाते. भोरचे नीरा-देवघर आणि धानेपजवळचे गुंजवणी धरण हे अलीकडचे. या दोन तालुक्यांनी जमिनी दिल्या, गावे दिली, पाणी दिले. धरणाच्या वर राहणाऱ्या माणसाला धरणाचा उपयोग नसतो, कारण पाणी चढ चढत नाही. चढ चढते ते बाईच्या डोक्यावरून.

म्हणून अशा गावांसाठी पाणलोट विकासाचा विचार महत्त्वाचा ठरतो. शाळेत मुलांना समजावताना मी सांगते, की डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पडलेले पाणी ज्या एका ओढ्याला येऊन मिळते, तेवढा सगळा प्रदेश म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. काम वरून सुरू करायचे. माथ्यावर समान उंचीच्या रेषेत चर खणायचे, झाडे-गवत वाढू द्यायचे, मध्ये शेताला बांध घालायचे, ओढ्यात दगडी बंधारे आणि खाली मातीचे किंवा सिमेंटचे नालाबांध. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवायचे. ‘माथा ते पायथा’ हे या कामाचे सूत्र आहे.

मुरलेले पाणी कुठे दिसते? पायथ्याच्या विहिरीत. विहीर कोणाची? ज्याची जमीन त्याची. इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी वापरण्याचा अधिकार जमीनमालकाकडे दिला, आणि तेव्हापासून आपल्या गावांत भूजल हे सातबाऱ्याच्या मागे मागे चालत आले आहे. चर खणणारे हात अनेकांचे असतात, पाणी मात्र विहिरीच्या मालकाच्या शेतात जाते. ज्याची जमीन नाही त्याला काम चालू असेपर्यंत मजुरी मिळते. गावात जमीन नसलेले कोण असतात, हे सांगायला नको. दलित, कातकरी, काही धनगर, आपल्यातले मुलाणी, पिंजारी, आतार असे कारूनारू. आणि यांच्याबरोबर, घरात दहा एकर असले तरी जिच्या नावावर एक गुंठाही नाही अशी प्रत्येक बाई.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. जमीन, मालक, हक्क, वारस, इनाम, तालुका, जिल्हा हे शब्द मराठीत फारसी-अरबीकडून आले, दफ्तराच्या वाटेने. विहीर, ओढा, झरा, हंडा, घागर हे शब्द इथले, घरातले. जणू हक्काची भाषा कचेरीत राहिली आणि पाण्याची भाषा पाणवठ्यावर. या दोन भाषा एकत्र आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात कोणी कोणी केला, तो खरा या विषयाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करावी लागते. त्या वर्षी आणि पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातली जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणे, माती वाहणे, पाझर तलावाची भर टाकणे ही कामे त्यांनी केली. त्यातूनच पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्याचा कायदा झाली, आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला.

माझी नानी पुरंदरच्या पूर्व भागातली, मुलाण्याच्या घरची. ती त्या वर्षी तलावाच्या कामावर जात होती. हजेरीपटावर नाव तिचे होते, अंगठाही तिचा होता. मजुरीचे पैसे आणि सुकडी घेऊन ती घरी यायची. तो तलाव झाला, पावसाळ्यात भरला, त्याच्या खालच्या विहिरींना पाणी वाढले. नानीच्या घरी मात्र त्यातले काही आले नाही, कारण तलावाच्या खाली आमची जमीन नव्हती. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे. तिला ते पावसासारखेच वाटायचे, कोणाच्या शेतात पडेल ते सांगता येत नाही असे.

पण त्याच पुरंदरमध्ये, त्याच वर्षांत, एका माणसाला ते पावसासारखे वाटले नाही. विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक. दुष्काळात पुरंदरमध्ये फिरताना त्यांनी दुष्काळी कामांवरची माणसे पाहिली आणि एवढ्या श्रमातून गावाला कायमचे काय मिळते, हा प्रश्न त्यांना पडला. नायगावला देवस्थानची सुमारे चाळीस एकर नापीक जमीन त्यांनी लांब मुदतीच्या कराराने घेतली, पत्नी कल्पनाताईंसह तिथे राहून बांधबंदिस्ती केली, तळे केले, विहीर केली आणि त्या माळावर धान्य पिकवून दाखवले. या कामासाठी ग्राम गौरव प्रतिष्ठान उभे राहिले आणि त्यातून पाणी पंचायत आली.

पाणी पंचायतीचे नियम साधे होते. योजना एकट्याची नाही, गटाची असेल. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल, जमीन विकली तरी पाणी विकले जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असेल. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः द्यायचा. वाटपासाठी गावातूनच पाटकरी नेमायचा.

हा हिशेब फळ्यावर मांडून पाहा. एका घरात वीस एकर आणि पाच माणसे, दुसऱ्या घरात अडीच एकर आणि पाच माणसे. दोघांना पाणी अडीच एकरांचेच. सातबाऱ्यावर बाईचे नाव नसते, पण माणसे मोजताना ती मोजली जाते. सासू मोजली जाते, मुलगी मोजली जाते. आपल्याकडच्या जमीन-पाण्याच्या कागदांच्या इतिहासात बाईला ‘एक’ म्हणून मोजणारे असे हिशेब फार थोडे आहेत. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांच्या योजनांपैकी सगळ्या टिकल्या नाहीत, विजेची बिले आणि उसाचा मोह दोन्ही आड आले. पण हिशेब चुकीचा होता असे कोणी म्हणू शकलेले नाही.

अशीच मांडणी १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात झाली. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते, गावकऱ्यांनी तिच्यावरचा हक्क मागितला आणि थोडी वाळू विकून धरणाच्या खर्चाला हातभार लावला. पाणी प्रत्येक कुटुंबाला समान, भूमिहीनालाही, हे तत्त्व तिथेही होते.

पाणलोटाची जी गावे आपल्याला जास्त माहीत आहेत, ती वेगळ्या वाटेने गेली. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले आणि श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी ही पंचसूत्री त्या गावाने घेतली. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. तिथे शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, केळी नाही, आणि दरवर्षी गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. याच हिवरे बाजारने गावातल्या एकुलत्या एक मुस्लिम कुटुंबासाठी मशीद बांधली. त्यामागे मला एक साधा विचार दिसतो: गाव मोजताना कोणाला वगळायचे नाही.

नगर जिल्ह्यातच फादर हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी आयुष्य घालवले. त्यांच्या पुढाकाराने १९८९ नंतर इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला, आणि त्याला मदत करण्यासाठी १९९३ मध्ये त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे, चराईबंदी पाळायची, ग्रामसभेने पाणलोट समिती निवडायची, मग पैसा, असा त्यांचा क्रम होता.

चराईबंदीबद्दल इथे थोडे बोलले पाहिजे. डोंगरावर गवत वाढायचे तर जनावरे आत जाता कामा नयेत, यात शंका नाही. पण शेळी कोणाची असते? ज्या घरात जमीन नाही त्या घराची, आणि त्या घरातही बाईची. तिचे दवाखान्याचे, मुलांच्या फीचे, ईदेच्या कपड्यांचे पैसे शेळीतून येतात. डोंगर बंद झाला की पायथ्याच्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी येते आणि माथ्यावरच्या बाईची शेळी बाजारात जाते. सरपणासाठीही तिला लांब जावे लागते. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत मेंढ्या-शेळ्या पाळणाऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला तो याच कारणाने. त्यावर उपायही गावागावांतूनच निघाले: डोंगर एकदम बंद न करता तुकड्यातुकड्याने बंद करणे, वाढलेले गवत कापून नेण्याचा हक्क भूमिहीनांना देणे. हे उपाय तिथेच निघाले जिथे ती माणसे बैठकीला होती.

बायकांना बैठकीला आणण्याचे काम बचत गटांनी केले. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. ‘वॉटर’ने गावातल्या सगळ्या गटांची मिळून संयुक्त महिला समिती करण्याची पद्धत आणली, म्हणजे पाणलोट समितीत दोन बायका कोपऱ्यात बसवण्याऐवजी त्यांच्यामागे गावातल्या सगळ्या गटांचे बळ असेल. गुंजवणी खोऱ्याच्या बाजूला हे काम ज्ञान प्रबोधिनीने केले. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या या संस्थेचे ग्रामीण काम शिवापूर परिसरातून सुरू झाले आणि पुढे शिवगंगा, गुंजवणीच्या खोऱ्यांत, वेल्ह्यात पसरले. बचत गट, मुलींच्या शिक्षणाची सोय, आरोग्य, आणि त्याबरोबर पाणलोटाची कामे.

बचत गटाकडे पाहून हसणारे बरेच आहेत. महिन्याला थोडे पैसे साठवून काय होते, असे ते विचारतात. मी माझ्या विद्यार्थिनींच्या आयांचे गट पाहिले आहेत, म्हणून सांगते. पहिल्यांदा बाईच्या नावाचे पासबुक होते. मग ती महिन्यातून एकदा नवऱ्याला न विचारता घराबाहेर बसते. मग हिशेब वाचते, नाही तर मुलीकडून वाचून घेते. दोन-तीन वर्षांनी ती ग्रामसभेत उभी राहते, आणि तिचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्याचा असतो. पुरुष बंधारा मागतात तेव्हा त्यांच्या मनात विहीर आणि पंप असतो. बाई मागते तेव्हा तिच्या मनात उन्हाळ्यातला झरा असतो, वस्तीजवळचा. दोन्ही पाणीच, पण बंधारा कुठे बांधायचा, हे त्यावरून ठरते. पाणलोटाच्या नियोजनात बाई हवी ती एवढ्यासाठी. तिला ओढ्याचा जो तुकडा माहीत असतो, तो नकाशावर नसतो.

सरकारी नियमांत आता हे बरेच आले आहे. १९९५ पासूनच्या केंद्राच्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत आणि २००८ च्या सुधारित सूचनांत समितीवर महिला आणि भूमिहीनांना जागा आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या आहेत. जलजीवन मिशनच्या पाणी समितीतही अर्ध्या बायका हव्यात. कागदावर बाई आता आहे. तरी हजेरी बुकावर सही करून ती घरी जाते आणि निर्णय पारावर होतो, असे अजूनही घडते. त्याचे मूळ मला जमिनीत दिसते. ज्याच्या नावावर काही नाही, त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, पण मोजले जात नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे ओळखले होते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रम आला. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. अनेक गावांनी ते केले. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा दिला.

आणि आपण? मुलीला वारसा मिळालाच पाहिजे हे कुरआनने, सूरह निसामध्ये, वाटे ठरवून सांगितले आणि ते आपण अभिमानाने सांगतो. पण १९३७ चा शरीयत कायदा झाला तेव्हा त्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळली गेली होती. गावाकडे याचा अर्थ सोयीने लावला गेला. आजही आपल्या घरांत बहीण तलाठ्याकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते आणि भावाकडून साडी किंवा ड्रेसपीस घेऊन परत येते. ‘माहेर तुटायला नको’ हे वाक्य शेजारच्या मराठा घरातही तसेच म्हणतात. वारशाचे कायदे वेगळे, पण सही करणारा हात दोन्ही घरांत सारखा.

एक हदीस आहे, अबू दाऊदच्या संग्रहातली. पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत सर्वांची भागीदारी आहे, असा तिचा आशय. मी ती लहानपणापासून ऐकत आले, पण पाणलोटाबद्दल वाचू लागल्यावर तिच्याकडे नव्याने पाहिले. पाणी, चराई, जळण. डोंगरातल्या बाईचा दिवस या तीन खेपांतच जातो. ज्या तीन गोष्टी मालकीच्या बाहेर ठेवायच्या, त्या नेमक्या तिच्या डोक्यावरच्या आहेत.

आता पुन्हा गुंजवणीकडे येते. धानेपच्या धरणातले पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर या तीन तालुक्यांसाठी आहे. ते बंद नळातून नेण्याची योजना आहे. पुरंदरला ते मिळावे, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. माझे आजोळ तिथले, आणि तिथली पूर्वेकडची जमीन पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर जगते. पण ज्या पुरंदरमध्ये माणशी अर्ध्या एकराचा हिशेब जन्मला, तिथे हे पाणी पोचेल तेव्हा ते कसे मोजले जाणार? एकरावर की माणसावर? आणि ज्या खोऱ्याने ते दिले, त्या खोऱ्यातल्या धरणाच्या वरच्या वस्त्यांना त्यांच्या झऱ्यांसाठी, चरांसाठी, छोट्या बंधाऱ्यांसाठी किती मिळणार? तो खर्च धरणाच्या तुलनेत फार मोठा नसतो.

राजगडावर सुट्टीच्या दिवशी गेलात तर वर ताक आणि लिंबू सरबत विकणाऱ्या बायका भेटतील. त्या खालच्या गावांतून सामान डोक्यावर घेऊन चढलेल्या असतात. पुढच्या वेळी सरबत घेताना त्यांना एवढेच विचारा: उन्हाळ्यात तुमच्या वस्तीला पाणी कुठून येते, तुमच्या गावच्या पाणी समितीवर कोण आहे, आणि मागच्या सभेत तुम्ही काय बोललात? उत्तर ऐकून घ्या. आणि घरी आल्यावर आपल्या बहिणीच्या वाट्याचा सातबारा काढून पाहा.